दमवून सेटर शांत होत नाही: पाच महिन्यांच्या आयरिश सेटरबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच महिन्यांचा आयरिश सेटर, नर. रोज दोन तास चालवता, शिवाय अर्धा-पाऊण तास चेंडू फेकता, तरी रात्री आठ वाजले की घरात धुमाकूळ. मोकळा सोडला की पक्ष्यांमागे सुसाट, हाक कानावर पडल्याचंही दाखवत नाही. हात, पाय, कपडे, सगळं दातांखाली. एका ट्रेनरने चोक चेन, म्हणजे ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी, घालायला सांगितली आहे आणि घरात कुणाला तरी वाटतंय, सोबतीला दुसरं पिल्लू आणलं तर हा निवळेल.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. चोक चेन नको. आणि व्यायाम वाढवायचा तर नाहीच, उलट कमी करायचा.

‘दमला की गप्प पडेल’ हा हिशेब बऱ्याच कुत्र्यांना चालतो, सेटरला नाही. दिवसभर मोकळ्या माळावर धावता यावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केलेली ही जात. रोज दोन तास पळवलंत की महिन्याभरात त्याचा दम वाढतो आणि तीच थकावट आणायला अडीच तास लागतात. तुम्ही खंगता, तो तयार होतो. शिवाय या वयाच्या पिल्लाला दिवसाकाठी सोळा-अठरा तास झोप हवी असते. तुम्ही लिहिलेलं रात्री आठचं दृश्य मी कितीतरी घरांत पाहिलं आहे: डोळे विस्फारलेले, ढुंगण खाली दाबून सोफ्याभोवती चकरा, मध्येच येऊन पोटरीला दात. ही शिल्लक राहिलेली ताकद नव्हे. झोप अनावर झालेलं लहान मूल जसं विनाकारण भोकाड पसरतं, तसला हा प्रकार. त्या वेळी चेंडू काढलात तर आगीत तेल. त्याला कमी उजेडाच्या खोलीत किंवा क्रेटमध्ये (झोपण्याच्या पिंजऱ्यात) न्या, चघळायला काहीतरी द्या आणि तुम्ही तिथून बाजूला व्हा. बहुतेक पिल्लं थोड्याच वेळात आडवी होतात. दिवसाही दर तास-दीड तासाच्या जागेपणानंतर अशीच सक्तीची विश्रांती ठेवा. केवळ एवढ्यानेच निम्मं चावणं थांबतं.

हाडांचाही विचार आहे. मोठ्या चणीच्या कुत्र्यांची हाडं टोकाकडच्या मऊ भागातून वाढत असतात आणि तो भाग पूर्ण घट्ट व्हायला साधारण बारा ते अठरा महिने जातात. वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं, म्हणजे पाच महिन्यांच्या पिल्लाला पंचवीस मिनिटं, असा एक नियम सगळीकडे सांगतात. त्यामागे फारसं शास्त्र नाही, अंदाज म्हणून ठीक आहे. मिनिटांपेक्षा चालण्याचा प्रकार महत्त्वाचा. मऊ जमिनीवर, स्वतःच्या चालीने, थांबत-हुंगत अर्धा तास हिंडणं त्याला बाधत नाही. डांबरी रस्त्यावर तुमच्या वेगाने ओढत नेणं, सायकलबरोबर पळवणं, जिन्यांची चढउतार आणि चेंडू फेकून हवेत उड्या मारायला लावणं मात्र बाधतं. चेंडू तर मी सेटरच्या बाबतीत जवळजवळ बंदच करायला सांगतो. तो ज्या गोष्टीत मुळातच जास्त पुढे आहे, हलतं काही दिसलं की झेपावणं, त्याचाच तुम्ही रोज पाऊण तास सराव करून घेताय.

हे कुत्रं कशासाठी घडलं ते एकदा नीट पाहिलं की पुढचं सगळं सोपं जातं. बंदूक हाताशी येण्याआधी युरोपात तितर-लाव्यांसारखे पक्षी जाळ्याने पकडत. कुत्र्याने वाऱ्यावर वास काढत माळ पिंजायचा, पक्ष्याचा माग लागला की तिथेच दबून बसायचं, आणि मागून माणसं येऊन जाळं टाकेपर्यंत हलायचं नाही. जॉन कायस या इंग्लंडमधल्या वैद्याने १५७० साली या कुत्र्याचं वर्णन करून ठेवलं आहे: पोट जमिनीला लावून किड्यासारखा सरपटत पुढे जातो आणि पक्षी बसल्याची जागा पंजाने दाखवतो. पुढे बंदुका आल्या, कुत्रे उभ्याने दाखवू लागले, आणि इंग्लिश, गॉर्डन, आयरिश लाल आणि आयरिश लाल-पांढरा असे चार प्रकार ठरले. काम तेच राहिलं. म्हणजे सेटरच्या अंगात धावणं जेवढं मुरलेलं आहे, तेवढंच थांबणंही. मालकांना फक्त पहिलं अर्धं दिसतं आणि ते सगळी मेहनत त्याला दमवण्यावर खर्च करतात. मेहनत दुसऱ्या अर्ध्यावर करायची.

याच कारणाने हाकेची तुलना शेजारच्या लॅब्रॅडॉरशी करू नका. लॅब्रॅडॉर हा रिट्रीव्हर, म्हणजे पडलेली शिकार उचलून आणणारा. तो माणसाच्या आसपास राहून काम करतो, त्याच्याकडे बघत बघत. सेटरला शेकडो मीटर लांब जाऊन स्वतःच्या डोक्याने शोधायचं असतं. पाच महिन्यांचा सेटर वळून तुमच्याकडे बघत नाही म्हणजे तो हट्टी आहे, बंडखोर आहे, असलं काही नसतं. तुम्ही बघण्यासारखे आहात हे त्याला शिकवावं लागतं, एवढंच. (इंग्लिश सेटरवाले हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: त्या जातीत जन्मजात बहिरेपण आढळतं, कधी एकाच कानाचं. पिल्लू पाठमोरं असताना वाटीचा आवाज करून बघा. शंका वाटली तर पशुवैद्याकडून श्रवणचाचणी करून घ्या आणि मगच शिकवण्याचा विचार करा.)

आता कामाला लागू. घरात नाकाचं काम द्या. त्याच्या रोजच्या जेवणातला एक हिस्सा वाटीतून न देता गवतात उधळा किंवा खोलीत तीन-चार ठिकाणी लपवा आणि त्याला शोधू द्या. पहिल्यांदा तो डोळ्यांनी शोधेल, इकडून तिकडे पळेल, काही सापडणार नाही. मदत करू नका. थोड्या वेळाने डोकं खाली जातं, श्वासाचा आवाज बदलतो, सूं-सूं अशी बारीक, जलद लय लागते आणि पाय आपोआप हळू होतात. दहा मिनिटं असं हुंगल्यावर पिल्लू जे पसरतं, ते तासभर चेंडू खेळूनही पसरत नाही.

दुसरं, काहीच न करण्याची सवय. जमिनीवर एक चटई टाका, तुम्ही खुर्चीवर बसा, पट्टा पायाखाली सैल धरा. त्याच्याशी बोलू नका, त्याच्याकडे बघू नका. तो कुंईकुंई करेल, पट्टा चावेल, चटईखाली तोंड घालेल. कधीतरी उसासा टाकून बसेल. तेव्हा एक खाऊ चटईवर, त्याच्या पंजांमध्ये, गुपचूप ठेवा. उत्साहाने ‘शाब्बास!’ म्हणालात की तो उठलाच म्हणून समजा. रोज थोडा वेळ, एवढंच. हा धडा फार कंटाळवाणा आहे म्हणून लोक टाळतात, पण पुढच्या बारा वर्षांत सर्वांत जास्त उपयोगी पडणारा हाच.

चावण्याचं बोलायचं तर या वयात दुधाचे दात पडून कायमचे येत असतात. सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस दात पुरे होतात आणि हिरड्यांचा ठणका संपतो. तोवर ओला करून फ्रीजरमध्ये गोठवलेला जाड कपडा, रबराची खेळणी, असं काहीतरी हाताशी ठेवा. हाताला दात लागले तर हात मागे खेचू नका, खेचलेला हात म्हणजे पळणारं सावज. हात ढिला सोडा, उठा, दाराबाहेर जा, अर्ध्या मिनिटाने परत या. तोंड दाबून धरणं, नाकावर टिचकी मारणं, पाठीवर पाडून धरणं हे सगळं सोडून द्या. त्याने एक तर हाताची भीती बसते, नाही तर खेळ आणखी रंगतो. अंगावर उड्या मारण्याचंही तेच: चारही पाय जमिनीवर असतील तरच माणूस वाकतो, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळला तर महिन्यात सुटतं, एकाने मोडला तर सुटत नाही.

हाक. यावर जरा थांबू, कारण सेटरचं मोकळं आयुष्य यावरच अवलंबून असतं.

आजपासून त्याला उघड्या जागी पट्ट्याशिवाय सोडणं बंद. पक्ष्यामागे लागून केलेली प्रत्येक धाव हे त्याच्यासाठी भलं मोठं बक्षीस असतं, आणि तुमची हाक ऐकू न येण्याचाही तो सराव असतो. दहा मीटरची हलकी, गाठी नसलेली दोरी घ्या आणि ती हार्नेसच्या (छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या) पाठीवरच्या कडीला लावा. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही नाही, कारण धावत्या पिल्लाला दोरीच्या टोकाला बसणारा हिसका मानेला इजा करू शकतो. हातमोजे घाला. सरकती दोरी तळहात सोलून काढते.

हाकेसाठी शिट्टी वापरा. आवाजात राग येतो, घाई येते, घरातल्या प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो. शिट्टी सगळ्यांच्या तोंडून सारखीच वाजते आणि वाऱ्यातही लांब पोचते. दोन आखूड फुंकी. सुरुवात घरात करा: शिट्टी वाजली की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा, त्याने काहीही केलेलं नसलं तरी. आठवडाभर एवढंच. मग दुसऱ्या खोलीतून, मग अंगणात, मग दोरीवर मोकळ्या जागी. शिट्टी एकदाच वाजवायची. तो येणार नाही असं दिसत असेल तर वाजवूच नका. दोरी हातावर गोळा करत त्याच्याजवळ जा, त्याचं लक्ष नाकासमोर खाऊ धरून वळवा, दोन पावलं मागे सरा आणि मग वाजवा.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आला की परत सोडा. दहापैकी नऊ वेळा हाकेचा अर्थ ‘ये, काहीतरी छान घे आणि जा’ असाच असला पाहिजे. लोक नेमके खेळ संपवायला, आंघोळीला न्यायला, गाडीत घालायला हाक मारतात आणि मग येत नाही म्हणून तक्रार करतात. आंघोळीला न्यायचं असेल तर उठा आणि जाऊन घेऊन या. उशिरा आला म्हणून ओरडलात तर तो यायलाच घाबरेल, कारण त्याच्या हिशेबात शिक्षा तुमच्याजवळ येण्याची झाली. कधी दोरी सुटून पळालाच तर मागे धावू नका. उलट्या दिशेला पळा, गवतात उकिडवे बसा, जमिनीत काहीतरी सापडल्यासारखं उकरा. सेटरची उत्सुकता त्याच्या पायांपेक्षा जास्त वेगाने धावते.

एक युक्ती शिकारी कुत्र्यांच्या लोकांना माहीत असते, घरी पाळणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही: वारा बघून चाला. वारा तुमच्या तोंडावर येत असेल तर सेटर तुमच्यासमोर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असा नागमोडी फिरतो, कारण वास त्याला समोरून आयता मिळतो. अंतर फार वाढत नाही आणि प्रत्येक वळणावर तो क्षणभर तुमच्या दृष्टीच्या टप्प्यात येतो. त्या वळणावर तुम्हीही दिशा बदला, शिट्टी द्या, खाऊ द्या. वारा पाठीवर असेल तर तोच कुत्रा सरळ रेषेत लांब जातो आणि तिकडून वारा घेत परत तुमच्याकडे शोधत येतो. नवशिक्या पिल्लाबरोबर ही दिशा टाळा. चिमूटभर वाळलेलं गवत उडवून वारा पाहायला दोन सेकंद लागतात.

आता पक्षी. दोरी धरून चालताना त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. धाप लागून उघडं असलेलं तोंड एकाएकी मिटतं. डोकं वर जातं, शेपटीचं हलणं मंदावतं आणि थांबतं, कधी पुढचा एक पाय अधांतरी राहतो. हा क्षण जेमतेम एक-दोन सेकंदांचा असतो, त्यानंतर झेप. तोंड मिटलेलं दिसताच दोरीत सैलपणा ठेवू नका, पण झटकाही देऊ नका. बोलू नका. दोरीवर हात सरकवत त्याच्याजवळ पोचा, एक हात छातीखाली, दुसऱ्या हाताने पाठीवरून शेपटीकडे सावकाश, जड हात फिरवा. पक्षी उडू द्या. तो उडाल्यावर कुत्र्याला मागे जाऊ द्यायचं नाही, जिथे आहे तिथेच धरून ठेवायचं, मग विरुद्ध दिशेला वळून चार पावलं आणि तिथे खाऊ. हे पुन्हा पुन्हा घडलं की उडालेला पक्षी म्हणजे थांबण्याची खूण होते. पक्ष्यांच्या घरट्यांच्या दिवसांत मात्र जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या माळावर कुत्रा नेऊच नये.

‘थांब’ हा शब्द याआधी घरात पक्का करा: जेवणाच्या वाटीपुढे, दाराच्या उंबऱ्यावर, गाडीतून उतरताना. सुरुवातीला एक सेकंद, हळूहळू दहा. काठीला दोरा, दोऱ्याला पंख बांधून पिल्लाला स्थिर उभं करण्याचा खेळ तुम्ही पाहिला असेल. एक-दोनदा गंमत म्हणून ठीक, पण तो डोळ्यांचा खेळ आहे, नाकाचा नाही. फार केलात तर पिल्लू हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर नजर लावून बसायला लागतं. लेझरचा ठिपका तर कधीच नको. भिंतीवरच्या उजेडामागे आणि सावल्यांमागे दिवसभर धावणारे सेटर मी पाहिले आहेत. हे वेड लागतं पटकन आणि सुटायला फार जड जातं. तुमचा आत्ताच सावल्या पकडत असेल तर हसू नका, व्हिडिओ काढू नका, नाकाच्या कामाकडे वळवा.

चोक चेनबद्दल कारण सांगतो. वाढत्या पिल्लाच्या नाजूक मानेवर आवळणारी साखळी, हे कोणत्याही जातीत वाईटच. सेटरमध्ये आणखी एक अडचण: वरून कितीही दांडगा वाटला तरी हा मनाने मऊ कुत्रा आहे. धसमुसळेपणाने वागवलेला सेटर दोनच वाटांनी जातो. एक तर दबतो, कान पाडून सगळं करतो आणि त्याचा जीव कशातच नसतो. नाही तर साखळीची सवय करून घेतो आणि ओढतच राहतो. विजेचा धक्का देणारा पट्टा त्याहून वाईट. पक्ष्याचा वास येताना धक्का बसला तर पक्षी धोक्याचे, असं तो धरून बसतो, आणि शेजारी लहान मूल उभं असेल तर मूल धोक्याचं. पट्ट्यावर ओढत असेल तर छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या, तो ओढेल तेव्हा तुम्ही थांबा, दोरी सैल झाली की चाला. पहिले आठ दिवस तुम्ही कुठेच पोचणार नाही, हे धरूनच निघा.

शरीराबद्दल थोडक्यात. कान लोंबते आणि केसाळ, आत हवा खेळत नाही. आठवड्यातून एकदा उघडून वास घ्या, आंबूस वास किंवा काळपट मळ दिसला तर पशुवैद्य. गवतातून आल्यावर बोटांच्या मधल्या जागा, काखा आणि कानांमागचे केस बोटांनी चाचपा, गवताची टोकदार कुसळं तिथून कातडीत शिरतात. विंचरण्याची सवय आत्ताच लावा, रोज दोन मिनिटं, खाऊ देत देत. खाणं मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनवलेलं असू द्या, वरून कॅल्शियमच्या गोळ्या नकोत. बरगड्या हाताला सहज लागाव्यात. आयरिश सेटरमध्ये गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्यांचा एक आनुवंशिक विकार आढळतो. शौच सारखी पातळ होत असेल, वजन चढत नसेल तर हे पशुवैद्याला आवर्जून सांगा. याच जातीत अंधत्व आणणारा डोळ्यांचा एक आजार आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक जीवघेणा विकार आहे. दोन्हींसाठी डीएनए चाचण्या आहेत, पैदास करणाऱ्याकडे आईबापांचे निकाल मागा.

आणि पोट फुगणं. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून पिळा पडतो. एकदम भरपूर न देता दिवसातून तीन वेळा थोडं थोडं द्या, जेवणानंतर तास-दोन तास धावपळ नको. पोट ढोलासारखं ताणलेलं, उलटीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, बेचैनी, लाळ: असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी दवाखाना. इथे तासांवर जीव जातो.

पुढे काय वाढून ठेवलं आहे तेही सांगतो. हे सगळं केलंत तर दोन-तीन महिन्यांत तुम्हाला वाटेल की जमलं. मग सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास एका सकाळी तो शिट्टी ऐकून तुमच्याकडे बघेल आणि निघून जाईल. वयात येतो आहे. काही बिघडलं नाही, दोरी परत लावा, खाऊ परत चांगला करा, दोन पायऱ्या मागे या. असं दीड वर्षाचा होईपर्यंत अधूनमधून घडतं. सेटर उशिरा पोक्त होतो, दोन-अडीच वर्षांनी कुठे, कधी तीन.

म्हणूनच दुसऱ्या पिल्लाचं उत्तर सध्या नाही. दोन पिल्लं एकमेकांना शांत करत नाहीत, एकमेकांना शिकवतात, आणि तुमचा आत्ता जे शिकवू शकतो ते तुम्हाला दोनदा नको आहे. तो दोरीशिवाय पहिल्या शिट्टीला परत यायला लागला, उडालेल्या पक्ष्याला बघून उभा राहायला लागला, की मग आणा. तेव्हा धाकट्याला अर्धं काम तोच शिकवेल.